माडीवरचा समुद्र

सकाळी चहाचा कप घेऊन तो टाकीपुढे उभा राहिला आणि वाळूवर कोळंबी आडवी पडलेली त्याला दिसली. आधी वाटलं, कात असेल. कोळंबी कात टाकते आणि टाकलेली कात थेट कोळंबीसारखीच दिसते, तशाच लांब मिशा, तेच पाय, पाठीवरचा पट्टा जरा फिकट, फक्त आत कोणी नसतं. पहिल्या खेपेला तो असाच फसला होता. दिवसभर जेवला नव्हता, आणि संध्याकाळी खरी कोळंबी दगडाच्या कपारीतून मिशा हलवत बाहेर आली होती, जणू काही झालंच नाही. म्हणून आताही तो स्वतःशी हसला. कप ठेवला, बाही वर सारली, हात पाण्यात घातला. कात बोटांना लागत नाही, ती पाण्याइतकीच हलकी असते. हे मात्र बोटांना लागलं. त्यानं हात तसाच पाण्यात ठेवला. रोज हात घातला की ही कोळंबी त्याच्या बोटांवर चढायची आणि नखांतली काजळी टोकरून खायची. चष्म्याच्या काचा घासून घासून त्याच्या नखांत कायमची पूड बसलेली, कुठल्याच साबणाला न निघणारी. ती पूड या एवढ्याशा जिवानं पोटात घातली होती. आता ती कोळंबी त्याच्या तळहातावर पडली होती आणि वरून दोन्ही नारिंगी मासे खाणं मिळेल म्हणून त्याच्या मनगटाला ढुशा देत होते, चांगले ठणठणीत. मग त्याला गोगलगायी दिसल्या. काचेवर चिकटून असणाऱ्या, कधी न सुटणाऱ्या गोगलगायी वाळूत उताण्या पडल्या होत्या. प्रवाळांची बटणासारखी तोंडं मिटलेली होती, एकजात सगळी, घरात परका माणूस आल्यावर मुलं गप्प बसावीत तशी. रोग आला असता तर मासे आधी गेले असते. रोग असा निवड करत नाही. निवड माणूस करतो. हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा तो स्वतःच दचकला, पण आलेला पाहुणा एकदा उंबऱ्यात आला की त्याला बसा म्हणावंच लागतं.

टाकी त्यानं बायको गेल्यावर घेतली होती. तिच्या शेवटच्या दिवसांत ते दोघं दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास बसायचे, समोर भिंतीत अशीच एक खाऱ्या पाण्याची टाकी होती. ती म्हणाली होती, ‘इथं नंबर लागायची वाट न बघणारे हेच काय ते.’ तिच्या मागे घर इतकं गप्प झालं की नळाचा थेंबसुद्धा त्याला कोणी बोलल्यासारखा वाटायचा. मग एक दिवस तो काचेची टाकी, पंप, दिवे, समुद्री मिठाची पिशवी आणि वाळू घेऊन आला. खाली राहणारी वहिनी जिन्यात उभी राहून बघत होती. ‘भाऊजी, लोक म्हातारपणी तीर्थाला जातात, तुम्ही समुद्रच घरी आणलात,’ ती म्हणाली, आणि तिच्या मागून दादा, त्याचा थोरला भाऊ, नुसता हसला. दादाचं हसणं हे असं, आवाज नसलेलं. त्यातून काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

घर दोघांचं होतं. खाली दादा आणि वहिनी, वर हा एकटा, आणि मागच्या अंगणात वडिलांच्या वेळची विहीर. वरच्या मजल्यावर नळ होता. खालीही होता, पण दादा नळाला तोंड लावत नसे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, विहिरीच्या पाण्यानं अन्न जिरतं, हे त्याचं ठरलेलं. दादा मोटारी भरायचा, म्हणजे जळलेल्या मोटारीतली जुनी तार उपसून तांब्याची नवी तार गुंडाळायचा. खालच्या पडवीत दिवसभर तो मांडी घालून बसलेला, समोर उघडी मोटार, बोटांत तार. विहिरीवरचा पंपही त्यानंच भरलेला, त्यानंच बसवलेला. टाकीला लागणारं पाणी आधी वर फिल्टरमधून यायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला फिल्टर बिघडला, नळही कधी यायचा कधी नाही, आणि तो पाण्याचे कॅन दुकानातून वाहून आणू लागला. एकदा जिन्यात दादानं त्याच्या हातातला कॅन घेतला, वजन करावं तसा उचलून पाहिला. ‘अरे काच्या,’ तो म्हणाला. काचेचं काम करतो म्हणून दादा त्याला लहानपणापासून नव्हे, पण कामाला लागल्यापासून काच्याच म्हणायचा. ‘घरची विहीर सोडून विकतचं पाणी वाहतोस? आपल्या विहिरीत काय वाईट आहे?’ आणि खरंच, काय वाईट होतं? विहिरीचं पाणी घेऊन, त्यात मीठ मिसळून तो उन्हाळाभर टाकीत घालत आला होता. काचेवर तपकिरी शेवाळ जरा जास्त धरायचं, एवढंच. बाकी सगळं जगत होतं. मग एकाएकी हे.

त्यानं एका बाटलीत टाकीतलं पाणी घेतलं, दुसरीत विहिरीचं. विहिरीचं घेताना त्यानं पंप लावला नाही, पोहरा सोडला, कारण पंप लावला असता तर आवाजानं दादा आला असता. दादा आला तर काय बिघडणार होतं, हे त्याला सांगता आलं नसतं. टाकीतले मासे विकणाऱ्या मासेवाल्याचं दुकान कामाच्या वाटेवरच होतं. मासेवाला जाडा, तोंडाचा फटकळ. विहिरीचं पाणी म्हटल्यावर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. ‘कोणी सांगितलं तुम्हाला विहिरीचं पाणी घाला म्हणून?’

‘भावानं.’

‘भाऊ काय समुद्रात राहतो का?’

मासेवाल्यानं नळीत पाणी घेतलं, तपासणीचे थेंब टाकले, नळी हलवली आणि कागदावरच्या रंगांशी लावून पाहिली. मग दुसऱ्या बाटलीचं तेच केलं. विहिरीच्या पाण्याचा रंग जास्त गडद आला. तांबं, मासेवाला म्हणाला. माशांना एवढ्या तांब्यानं फारसं होत नाही, पण कोळंबी, गोगलगाय, कोरल, यांना ते विषच. विहिरीत असं आपोआप येत नाही, कुठून तरी पडलं असणार. यानं विचारलं, आणि माणसं पीत असतील तर? मासेवाला नळ्या धुवत होता. ‘माणसांचं मला विचारू नका,’ तो म्हणाला, ‘मी माशांचा.’

दिवसभर त्यानं दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत चष्मेवाला नेहमीचा प्रश्न विचारत होता, आता बरं दिसतं की आधी दिसत होतं? हा प्रश्न त्यानं आयुष्यभर पडद्याआडून ऐकला होता. गिऱ्हाइकं गोंधळतात. दोन-तीन भिंगं झाली की त्यांना काहीच ठरवता येत नाही, मग ती चष्मेवाल्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. त्याचं तसंच चाललं होतं. एका भिंगातून दादा दिसायचा तो कॅन हातातून घेणारा, दम लागला असेल बस जरा म्हणणारा. दुसरं भिंग घातलं की तोच दादा, तोच कॅन, पण डोळ्यांत काहीतरी वेगळं. आपल्या विहिरीत काय वाईट आहे? असं का विचारलं त्यानं? विचारणाऱ्याला आधीच माहीत असल्यासारखं?

आणि कारण तर होतंच. एकदा पाणी बदलताना नळी निसटली होती आणि बादलीभर खारं पाणी फरशीवर सांडलं होतं. त्यानं पुसलं, पण जे मुरायचं ते मुरलं. काही दिवसांनी खाली काही कामाला गेला तर दादाच्या खाटेवर छताला पांढरा फुलोरा आलेला, चुन्याच्या पोपड्या सुटलेल्या, आणि खाट तिथून सरकवून खिडकीकडे नेलेली. दादा एका शब्दानं बोलला नव्हता. बोलली ती वहिनी, तीही हसत: ‘भाऊजी, तुमचा समुद्र आमच्या उशाशी आला हं.’ तेव्हा त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं आणि न बोलणाऱ्या दादाबद्दल मनातून बरं वाटलं होतं. आता त्याला वाटलं, भांडणारा माणूस परवडला. भांडून मोकळा होतो. न बोलणारा आत साठवत जातो, आणि साठलेलं कधीतरी कुठूनतरी वाट काढतंच. पाणी काय आणि माणूस काय.

त्यानं खाली काही सांगितलं नाही. संध्याकाळी घरी येताना पडवीत दादा होता, आत वहिनी भांडी घासत होती, आणि सांगणं हे दोन पावलांचं काम होतं. दादा, विहिरीत तांबं आहे, पाणी पिऊ नका. एवढंच वाक्य. तो ते जिभेवर घेऊनच फाटकातून आत आला होता. दादानं मान वर केली, ‘आलास?’ म्हणाला, आणि शेजारचा तांब्या उचलून पाणी प्यायला, विहिरीचं, वरून धार धरून, घटाघटा. त्याचा कंठ वरखाली होताना तो बघत राहिला. पितो आहे. म्हणजे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर कोण पिईल? त्याला हायसं वाटलं. तो जिना चढू लागला आणि मधल्या पायरीवर थांबला. किती टाकलं हे ज्याला ठाऊक आहे तोच इतक्या निवांतपणे पिऊ शकतो. माणसाला किती चालतं आणि कोळंबीला किती नाही, हे मोजून टाकणारा न घाबरता पिणारच. आणि माझ्याकडे बघून प्यायला. मी आल्यावरच प्यायला. तांब्या तिथं ठेवलेलाच होता.

जिभेवरचं वाक्य त्यानं गिळलं. ठरवलं, आणखी एकदा बघू. मग तेच त्याचं काम झालं. कामावर जाताना, येताना, माडीच्या कठड्यावरून, जिन्याच्या खिडकीतून तो दादाचं पाणी पिणं बघू लागला. प्यायला की संशय, नाही प्यायला की संशय. एकदा दादानं पेला तोंडाशी नेला आणि कोणीतरी हाक मारली म्हणून तसाच खाली ठेवला, तर दादानं पेला परत उचलेपर्यंत तो खिडकीपासून हलला नाही. वर टाकीत तो दुकानातून आणलेलं पाणी घालत होता, तांबं शोषून घेणाऱ्या कोळशाच्या पिशव्या सोडत होता, आणि प्रवाळांची काही तोंडं भीतभीत उघडू लागली होती. खाली मात्र त्याच विहिरीचं पाणी पोटांत जात होतं. मधे एकदा वहिनी जिन्यात भेटली, पदर पोटाशी दाबून. पोटात आग पडल्यासारखी होते, म्हणाली, अन्नाचा वाससुद्धा नको वाटतो. तिला पित्त होतं, बरीच वर्षं होतं, हे त्याला माहीत होतं. पित्तच असेल, असं तो म्हणाला. ‘पित्त बरं, जुनं तरी आहे,’ ती म्हणाली, ‘या वयात नवीन काही नको बाई.’ तो हसला. वर जाऊन टाकीपुढे बसला. टाकीचा पंप गुरगुरत होता आणि त्याला वाटलं, आपल्या आतही असंच काही सतत गुरगुरतंय, ज्याचं बटण कुठं आहे ते सापडत नाही.

विहिरीचा विचार आला की त्याला ती आतून दिसायची. वरून बघणाऱ्याला विहीर कळत नाही, ती आत उतरलेल्यालाच कळते. लहानपणी पाणी तळाला गेलं की गाळ काढायला त्याला उतरवायचे, कारण तो हलका. कमरेला दोर, दोर रहाटावर, आणि दोराचं टोक दादाच्या हातात. वडील बाजूला उभे राहून सांगायचे, धर, सोड, धर. खाली जाताना ऊन संपायचं, गारवा पायांतून वर चढायचा, दगडांना शेवाळाचा कच्चा वास यायचा. एकदा मध्यावर दोर एकदम सुटला. फार नाही, हातभर, दोन हात. मग परत दोर ताणला गेला. त्यानं वर पाहिलं. आभाळाच्या गोलात दादाचं डोकं, काळं, तोंड उघडं. हसत होता की धापा टाकत होता, ते खालून दिसत नव्हतं. वर आल्यावर त्यानं विचारलं नाही, दादानं सांगितलं नाही. त्या रात्री दादा उजवी मूठ मिटून डाव्या हातानं जेवला आणि आईनं त्याला त्यावरून झापलं, हे त्याला लख्ख आठवत होतं. का जेवला, ते कधी विचारावंसं वाटलं नाही. दोर मात्र राहिला. आयुष्यात जेव्हा जेव्हा दादानं त्याच्यासाठी काही केलं, नोकरी लावली, लग्नात धावपळ केली, बायकोच्या आजारपणात दवाखान्यात पाठ टेकली नाही, तेव्हा तेव्हा आभार मानताना त्याच्या कमरेला ते दोन हात दोर जाणवायचे. ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. सांगितली असती तर ती म्हणाली असती, भावालाच विचारा की. तिला सगळंच सोपं वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो मागच्या अंगणात गेला. का गेला, म्हणाल तर असाच. रहाटाच्या खांबावर, पंपाच्या वायरीशेजारी, एक फडक्याची पुरचुंडी सुतळीनं बांधून वाळत घातलेली होती. जुन्या धोतराचं फडकं, आणि त्यावर निळे डाग. साधा निळा नव्हे. मोराच्या मानेसारखा, चमकदार, एकदा बघितला की न विसरणारा. सुतळीही हातभर निळी झाली होती. त्यानं पुरचुंडी दाबली, आत बारीक खडे करकरले. मोरचूद. तांब्याचंच ते. हे त्याला शाळेत जाणाऱ्या पोरानं सांगावं इतकं सरळ होतं. त्याच्या कानांत पाणी गेल्यासारखा आवाज भरला. इतके दिवस जे शोधत होता ते हातात आलं आणि त्याला आनंद झाला. हो, आनंदच. कोळंबीचं दुःख नाही, वहिनीच्या पोटाची काळजी नाही, आधी आनंद झाला, की मी चुकलो नव्हतो. पुरचुंडी मुठीत धरून तो पडवीत आला.

दादा तार गुंडाळत होता. त्यानं पुरचुंडी दादाच्या मोटारीवर ठेवली. 

दादानं चष्मा वर केला. ‘मोरचूद,’ तो म्हणाला. ‘सापडला होय? खांबावरून काढायचाच राहिला.’ मग त्यानं सगळं सांगितलं, तार गुंडाळता गुंडाळता, मोठ्या हौसेनं. विहिरीत यंदा शेवाळ फार धरलं होतं, पाणी हिरवट दिसत होतं. आम्ही काय, आम्हाला चालतं. पण तुझे नाजूक जीव, त्यांना घाण पाणी कशाला? वडील करायचे तसं केलं. मोरचूद फडक्यात बांधायचा, दोरानं विहिरीत सोडायचा, काठाकाठानं फिरवत राहायचं, बहुतेक विरघळेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून पाणी काचेसारखं. ‘म्हटलं, तुला सांगायचं नाही. बघू तुझ्या तुलाच फरक कळतो का.’

‘कळला,’ तो म्हणाला. ‘त्यानंच मेले सगळे.’

दादाचे हात थांबले. तार तशीच ताणलेली राहिली. मेले? कोण मेले? त्यानं सांगितलं. कोळंबी, गोगलगायी. तांबं त्यांना चालत नाही, मासेवाल्यानं पाणी तपासलं, टाकीचंही आणि विहिरीचंही. दादाचा चेहरा बघता बघता उतरला, इतका की त्याला एकदम वाटलं, हे खोटं असणं शक्य नाही, आणि त्याच दमात वाटलं, किती छान उतरवतो चेहरा. दादा पुरचुंडीकडे बघत राहिला. मला काय ठाऊक रे, म्हणाला. वडील सांगायचे, पाणी शुद्ध होतं. मग काही आठवल्यासारखी त्यानं मान वर केली.

‘मासेवाल्यानं तपासलं कधी?’

त्यानं सांगितलं. कोळंबी मेली त्याच दिवशी.

वहिनी आतून दारात येऊन उभी होती. हात ओले, पदराला पुसायचे राहिलेले.  दादा मनात दिवस मोजत असावा, किंवा मोजतही नसावा.

‘म्हणजे विहिरीत विष आहे हे तुला तेव्हापासून माहीत होतं,’ दादा सावकाश म्हणाला. ‘आणि आम्ही पीत होतो.’

‘हो.’

‘हिच्या पोटात आग पडत होती.’

‘हो.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

खोटं बोलता आलं असतं. विसरलो, कामात होतो, माणसांना काही होत नाही असं मासेवाला म्हणाला. यातलं काहीही चाललं असतं, दादानं काहीही मान्य केलं असतं. दादाचा चेहरा तेच मागत होता. पण इतके दिवस एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती आणि तीच तोंडातून आली.

‘मी बघत होतो,’ तो म्हणाला, ‘तू पितोस का ते.’

वहिनी आत निघून गेली. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, हळूच. दादानं ताणलेली तार सोडली, ती आपोआप वेटोळं होऊन त्याच्या मांडीवर पडली. बराच वेळ तो ते वेटोळं सोडवत बसला. रागावला नाही. तो रागावला असता तर यानं पायच धरले असते, तशी त्याच्या गुडघ्यांची तयारी झाली होती. शेवटी दादा म्हणाला, ‘तुझ्या टाकीचं आधी बघू,’ आणि उठला.

त्या दिवशी दोघांनी मिळून टाकीतलं निम्मंअधिक पाणी काढलं. दादा कॅन वाहत होता, वय झालेला माणूस, एका हातानं कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. मी आणतो म्हटलं तरी ऐकलं नाही. तू मीठ मिसळ, तुला प्रमाण कळतं, म्हणाला. दादा टाकीपुढे पहिल्यांदाच इतका जवळ बसला होता. मिटलेल्या प्रवाळांतलं एक तोंड कडेनं उघडत होतं, आत हिरवी झाक. दादानं ते बोट दाखवून त्याला दाखवलं. हे जगेल ना, असं विचारलं. जगेल, तो म्हणाला. वहिनीला आता विहिरीचं पाणी बंद केलंय, दवाखान्यात दाखवून येतो, असं दादा मधेच म्हणाला आणि त्यानं नुसती मान हलवली. सगळं सुरळीत चाललं होतं. इतकं सुरळीत की बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, भाऊ असावेत तर असे.

दादाला घाम फुटला होता. यानं आत जाऊन नळाचं पाणी पेल्यात भरून आणलं आणि दादापुढे धरलं. दादानं पेला हातात घेतला. त्याची नजर क्षणभर पेल्याच्या तळाशी गेली, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, आणि परत वर आली. मग तो प्यायला, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला खाली न ठेवता त्यानं तो पालथा करून समोर धरला.

‘सगळं प्यायलो,’ दादा म्हणाला. ‘बघितलंस ना?’

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आजाऱ्याला समजवावं तसा तो बोलला होता. ‘नाही’ म्हणायला यानं तोंड उघडलं. पण हा बघतच राहिला होता, दादाच्या कंठाकडे, शेवटचा घोट खाली उतरेपर्यंत.